ओळीच्या टोकाला ताई

इस्त्री हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पण तीस वर्षांपूर्वी पोस्टरवर ते एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं गेलं की घरच्यांनीही मूळ नाव सोडून दिलं. बायको हाक मारते ती इस्त्री म्हणूनच. दातांच्या डॉक्टरकडे गेला की तिथली बाई कागदावरून मान वर करून विचारायची, "अय्या, तुम्ही ते रॅपवाले इस्त्री ना?" आता ती बाई निवृत्त झाली. नवीन आलेली विचारते, दाढ वरची की खालची.

ज्या लॉन्ड्रीत परत पाऊल ठेवणार नाही म्हणून त्यानं पंचविशीत शपथ घेतली होती, त्याच लॉन्ड्रीची गाडी आता छप्पन्नाव्या वर्षी तो चालवतो. सकाळी धुतलेल्या चादरी हॉस्पिटलांत पोचवायच्या, मळलेल्या परत आणायच्या. त्याला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण बोलून दाखवत नाही. आणि गेले अडीच महिने तर या नोकरीचे तो आभारच मानत होता, कारण शेवटची फेरी ज्या हॉस्पिटलात असायची, तिथंच चौथ्या मजल्यावर ताई होती. दुपारी गाडी मागच्या दाराशी लावायची, गठ्ठे उतरवायचे, सह्या घ्यायच्या आणि सरळ वर जायचं.

ताईला झटका आला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सगळं समजायचं तिला. डोळे तसेच, हसणं तसंच, फक्त एका बाजूनं. बोलायला तोंड उघडलं की मात्र "अं… अं…" एवढंच. सुरुवातीला ती चिडायची, डाव्या हातानं पलंगाच्या दांडीवर थपडा मारायची. मग तिनं तोंड उघडणंच बंद केलं. इस्त्रीला त्या थपडा परवडल्या असत्या, ही गप्प ताई त्याला बघवत नव्हती. जन्मात कधी जी बाई गप्प बसली नाही, लॉन्ड्रीतल्या मुकादमाला भर पाळीवर "आधी तुमचा शर्ट धुवायला टाका" म्हणाली, तिनं असं भिंतीकडे बघत पडून राहावं?

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा येत. पोरगेल्या होत्या, पण कामाला पक्क्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी इस्त्रीला आणि भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, बाजूला घेऊन सांगितलं, "साधे शब्द गेले तरी पाठ असलेलं गाणं कधीकधी आत शिल्लक राहतं. एखाद्या गाण्याच्या मागून शब्द बाहेर येतो. त्यांना काही तोंडपाठ होतं का?"

भाचीनं मामाकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "बाई, तिला एकच गाणं पाठ आहे. आणि ते याचं आहे."

आता हे अर्धंच खरं होतं. ते गाणं त्याचं एकट्याचं कधीच नव्हतं.

त्याचं असं झालं. कामाचं पत्र आलं होतं ताईच्या नावानं. ती बावीस वर्षांची, हा सतराचा. आई आधी गेली, दोन वर्षांनी वडील गेले, घर काकांनी घेतलं. ताईनं मग मागचापुढचा विचार केला नाही, धाकट्या भावाला पदराला बांधलं आणि इकडे, या परक्या मुलखात घेऊन आली. एक खोली, एक खिडकी, खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत. दोघांची पाळी पहाटेची. तळघरात लॉन्ड्री, तिथं तीन रोलर. रोलर म्हणजे माणसाच्या कंबरेएवढे जाड, आतून तापलेले लोखंडी रूळ, एकमेकांवर फिरणारे. दोघांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, ताणायची आणि कड रोलरमध्ये सोडायची. दोघांनी एकाच क्षणी सोडली तर चादर सरळ जाते. एकानं आधी सोडली तर तिरकी जाते आणि मुकादमाचा आवाज चढतो. आणि एकानं उशिरा सोडली तर बोटं आत.

म्हणून तिथं एक रीत होती. सोडताना ओरडायचं. जोडीतल्या मोठ्या माणसानं ओरडायचं, धाकट्यानं ते ऐकलं की सोडायचं. काहीही ओरडा, पण मोठ्यानं आणि एकच शब्द, कारण मशीनच्या धडधडीत दुसरा ऐकूच यायचा नाही. बाकीच्या जोड्या "सोड" म्हणायच्या नाही तर "हो" म्हणायच्या. ताईला ते कंटाळवाणं वाटायचं. ती रोज वेगळा शब्द ओरडायची. "बटाटे!" "सोमवार!" "मुकादम!" एकदा "लग्न!" म्हणाली आणि पलीकडच्या रोलरवरच्या माणसाची चादर तिरकी गेली. तोच पुढं इस्त्रीचा दाजी झाला, पण ती गोष्ट वेगळी.

इस्त्रीला तेव्हा नुकतंच रॅपचं वेड लागलं होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर पोरं घोळका करून उभी राहायची, एक जण तोंडानं ठेका धरायचा, दुसरा बोलत सुटायचा. इथली भाषा त्याला धड येत नव्हती, पण ठेका समजायला भाषा कशाला लागते? त्यानं आपल्या भाषेत सुरू केलं. कोपऱ्यावर नाही, तिथं कुठली हिंमत. रोलरवर. झटका, ताण, झटका, ताण, त्या चालीवर तो ओळ म्हणायचा आणि ओळ संपता संपता सोडायची वेळ यायची. सोडायचा शब्द ताईचा. म्हणजे ओळ याची आणि शेवट तिचा. तिला जे सुचेल ते ती ओरडायची आणि ते नेमकं बसायचं. याची पुढची ओळ मग तिच्या शब्दाशी जुळवून घ्यायला लागायची. यमक जुळवायला तो शिकला तो असा, बोटं वाचवता वाचवता.

घंटा झाली, पाळी लागली, मशीन म्हणतं… पळ!
चादर ओली, चादर जड, टोक धरून… वळ!
जगाचा धुतला, आपला मानून, दोन्ही हातांनी… मळ!
बोटं भाजली, पाठ मोडली, हसून सोसली… कळ!

वर्षभरात सगळ्या पाळीला ते पाठ झालं. मुकादम वरून शिव्या द्यायचा आणि आतून पाय हलवायचा.

पहिला कार्यक्रम झाला तो वस्तीतल्या सभागृहात, शाळेच्या बक्षीस समारंभानंतर उरलेल्या वेळात. आपली माणसं समोर बसलेली. ऐकून झाल्यावर एक आजोबा उठले आणि ताईला म्हणाले, "पोरी, तुम्हा भावंडांचं भांडण मिटलं का? की अजून काही बोलायचं राहिलंय?" सगळं सभागृह खो खो हसलं. ताई तर माईक हातात घेऊनच हसत होती, त्यामुळे ते हसणं रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. आजही डोळे मिटले की इस्त्रीला तो दिवस दिसतो. ताईच्या अंगात लॉन्ड्रीचा निळा गाऊन, कारण दुसरा बरा कपडा वाळत होता. त्याचे स्वतःचे बूट दाजीचे, आत कागद कोंबलेले. किती सुखात होते दोघं! खिशात काही नव्हतं, डोक्यावर धड छप्पर नव्हतं, आणि वाटायचं की जग आपलंच आहे.

मग कॅसेट निघाली. गाद्यांच्या दुकानामागच्या गोदामात ती रेकॉर्ड केली, कारण चारी बाजूंनी गाद्या लावल्या की बाहेरचा आवाज आत येत नाही. ठेका वाजवायला एक दोस्त होता, त्याला सगळे 'सर्दी' म्हणायचे. दुसऱ्या गाण्यात तो शिंकलेला अजून ऐकू येतो. ताई आणि इस्त्री एकाच माईकसमोर उभे. तीन गाणी सुरळीत झाली आणि चौथ्याला, म्हणजे या रोलरच्या गाण्यालाच, घोडं अडलं.

शेवटची ओळ अशी होती: घर सुटलं, दार सुटलं, सांग, काय उरलं?

रोलरवर ही ओळ तो म्हणायचा तेव्हा ताई दर वेळी एकच शब्द ओरडायची. या एका ओळीला तिनं कधी दुसरा शब्द वापरला नाही. "तू!"

गोदामात इस्त्री म्हणाला, "ताई, तू नको. यमक कुठं जुळतंय? पळ, वळ, मळ, कळ आणि मग एकदम तू? लोक हसतील. बळ म्हण."

"काय उरलं तर बळ?" ताईनं नाक मुरडलं. "बळ कुठलं आलंय? संध्याकाळी जिना चढवत नाही."

"अगं, गाणं आहे ते. दणक्यात संपायला हवं."

"मला वाटतं ते मी म्हणते."

"नियम असतात ताई याला! तुला नाही त्यातलं कळत."

हे तो बोलून गेला. सर्दी खाली बघायला लागला. ताईनं भावाकडे जरा वेळ पाहिलं, मग खांदे उडवले आणि म्हणाली, "बरं बाबा. बळ तर बळ." आणि असं काही दणक्यात म्हणाली की गाद्या हलल्या. तेच कॅसेटवर आलं, तेच रेडिओवर वाजलं, तेच पुढं हजारो लोकांनी हात वर करून म्हटलं. खोटं कशाला बोला, इस्त्रीला तेव्हा आपलंच बरोबर होतं असं वाटलं.

कॅसेट चालली, नुसती चालली नाही, धावली. भाषा न कळणारी पोरंसुद्धा पळ-वळ-मळ ओरडत फिरायला लागली. अकरा शहरांत कार्यक्रम झाले. पोस्टरवर नाव आलं ते एकट्या इस्त्रीचं, कारण छापणारा म्हणाला दोन नावं मावत नाहीत, आणि इस्त्रीनं मावतात का ते विचारलंही नाही. ताई मागं उभी राहायची, दुसरा माईक घेऊन, ओळीच्या टोकाला. भाची झाली तेव्हा तिनं स्टेज सोडलं. म्हणाली, "आता तू एकटा म्हण, मी पाळी सांभाळते."

एकट्यानं म्हणायचं म्हणजे ताईचे शब्दही आपणच म्हणायचे, आणि श्वास घ्यायला जागाच उरायची नाही. ती जागा ताईची होती ना! तो महिनाभर जिन्यावर धावत सुटला, पाण्यात तोंड बुडवून आकडे म्हणायला लागला, आणि शेवटी त्याला जमलं. सबंध गाणं एका दमात, मध्ये केसभर फट नाही. हीच त्याची ओळख झाली. पेपरात छापून आलं, हा माणूस श्वास घेत नाही. त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. ताईनं ते कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. त्याला तेव्हा एकदाही वाटलं नाही की तिला काय वाटलं असेल.

पुढचं सगळं नेहमीसारखंच. दुसरी कॅसेट बरी गेली, तिसरी पडली, नवी पोरं आली, त्यांची चाल निराळी. इस्त्री लग्नाच्या पार्ट्यांत म्हणायला लागला, मग तेही थांबलं. लॉन्ड्रीत ताई तोपर्यंत मुकादम झाली होती. तिनंच एक दिवस गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. टोमणा नाही, उपदेश नाही. "ब्रेक जरा कडक आहे," एवढंच म्हणाली.

आणि आता तीस वर्षांनी त्या पहिल्या कॅसेटची आठवण कोणाला तरी झाली होती. मोठ्या सभागृहात जुन्या लोकांचा कार्यक्रम ठरला होता. इस्त्रीला पत्र आलं, ते गाणं म्हणाल का? ताईनं पत्र वाचलं, पहिल्या रांगेतली खुर्ची मागून घ्यायला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी झटका आला.

तर बाईंनी गाणं म्हणायला सांगितल्यापासून इस्त्री रोज दुपारी ताईच्या पलंगाशी उभा राहून गाणं म्हणायचा. इतकं मन लावून त्यानं अकरा शहरांत म्हटलं नसेल. शेजारच्या पलंगावरची म्हातारी टाळ्या वाजवायची. परिचारिका दारात थांबायच्या. ताईचे डोळे चमकायचे, ओठ हलल्यासारखे व्हायचे, ती डाव्या हातानं चादरीची कड चिमटीत धरायची. आणि गाणं संपायचं. शब्द यायचा नाही. तो पुन्हा म्हणायचा, आणखी जोरात, आणखी दणक्यात, दम टिकवून. ताई कड सोडून भिंतीकडे वळायची.

दिवस जात होते. बाईंनी इस्त्रीकडून गाण्यातले ताईचे पाच शब्द कागदावर लिहून घेतले होते, एकेक शब्दापुढं खूण करायला चौकट होती. सगळ्या चौकटी रिकाम्या. शेवटी त्या म्हणाल्या, "शुक्रवारी माझी शेवटची भेट. तोवर काही आलं नाही तर मी त्यांना चित्रांची पाटी देणार. पाणी हवं तर पाण्यावर बोट, दुखतंय तर चेहऱ्यावर बोट. त्यावरही आयुष्य निभतं."

"ताई? पाटीवर बोट ठेवणार?" इस्त्रीचा आवाज चिरका झाला. "अहो, ती भांडतेसुद्धा वर्गवारी करून. ते कुठल्या चित्रात आहे?"

भाची खिडकीशी जाऊन उभी राहिली.

शुक्रवारी इस्त्रीचा जीव सकाळपासूनच टांगणीला लागलेला. पहिल्या हॉस्पिटलात दोन गठ्ठे कमी भरले म्हणून अर्धा तास गेला. शेवटच्या ठिकाणी पोचला तर लिफ्ट बंद. घड्याळ पाहिलं तर बाईंची वेळ संपत आलेली. तो धावला. छप्पन्न वर्षांचं वय, बायकोच्या शब्दांत 'समोरून येणारं पोट', आणि चार मजले. दुसऱ्याला छाती भरली, तिसऱ्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले, चौथ्याला तो अक्षरशः भिंत धरून आत शिरला.

बाई कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पाटी पिशवीतून अर्धी बाहेर. "मामा, बस आधी," भाची म्हणाली.

"नाही… एकदा… म्हणतो," तो म्हणाला. पलंगाच्या दांडीला धरून उभा राहिला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, घामाघूम, लालबुंद, आणि तिचं एका बाजूचं हसू आलं.

"घंटा झाली, पाळी लागली, मशीन म्हणतं…"

आणि दम संपला. ओळीच्या टोकाला येऊन संपला. त्यानं तोंड उघडलं, आत हवाच नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या जागी काही आलं नाही. त्याला भयंकर लाज वाटली. तो नुसता वाकून धापा टाकत राहिला.

ताईनं चिमटीतली चादरीची कड सोडली.

"पळ."

भाचीनं तोंडावर हात दाबला. बाईंनी पेन उचललं. आणि इस्त्रीला एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. अडीच महिने तो तिच्यापुढं उभा राहून तिचेच शब्द म्हणत होता. तिला शिरायला फटच ठेवली नव्हती. अडीच महिने कशाला, किती वर्षं झाली त्याला! पेपरवाल्यांनी कौतुक केलं आणि हा गाढव ते कौतुक जपत बसला. पण आता रडायला वेळ कुठं होता? ताईनं कड पुन्हा चिमटीत धरली होती आणि ती वाट बघत होती.

"चादर ओली… चादर जड… टोक धरून…"

"वळ." जीभ जड, शब्द बोबडा, पण तिचा.

"जगाचा धुतला, आपला मानून, दोन्ही हातांनी…"

"मळ."

शेजारची म्हातारी उठून बसली. दारात दोन परिचारिका, एक झाडूवाला.

"बोटं भाजली, पाठ मोडली, हसून सोसली…"

"कळ!" आता तर ओरडलीच ती, पाळीवर ओरडायची तशी. बाईंच्या कागदावर चार चौकटींत चार खुणा झाल्या. उरली शेवटची.

इस्त्रीनं डोळे पुसले. दांडी सोडली आणि पलंगावर तिच्याजवळ बसला. ही ओळ त्यानं स्टेजवर नेहमी हात उंचावून म्हटली होती. आज हळू म्हटली, खरंच विचारत असल्यासारखी.

"घर सुटलं, दार सुटलं… सांग, काय उरलं?"

ताई थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. तो वाट बघत राहिला. अर्धं मिनिट गेलं असेल. भाची पुढं झुकून ओठांनी 'ब' दाखवायला लागली, त्यानं तिला हातानं थांबवलं. ताईनं चादर सोडली, तो डावा हात उचलला आणि त्याच्या घामेजल्या छातीवर ठेवला.

"तू."

इस्त्रीची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले. ताई त्याच्या छातीवर थोपटत राहिली, तो सतराचा असताना त्या एका खिडकीच्या खोलीत थोपटायची तशीच.

बाई जरा गोंधळल्या होत्या. पेन पाचव्या चौकटीवर येऊन थांबलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "चार बरोबर आले. हा मात्र… इथं 'बळ' लिहिलंय. चूक धरू का?"

"नाही, नाही." इस्त्रीनं बाहीनं नाक पुसलं. "लिहून देताना मी चुकलो, बाई. ते 'तू'च आहे. खोडा आणि बरोबर लिहा."

बाईंनी 'बळ' खोडलं, वर 'तू' लिहिलं आणि पुढं खूण केली.